आईला दूध नव्हतं, म्हणून मलाही नसेल?

इंदूरच्या एका नव्या आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

ती 28 वर्षांची. सासर बडोद्याचं, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी इंदूरला आलेली. सिझेरियन होऊन मुलगी झाली, जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम. पहिल्या रात्री "तुम्ही झोपा, आम्ही बघतो" म्हणून दवाखान्यात बाळाला पावडरचं दूध दिलं गेलं. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन 2 किलो 680 ग्रॅम भरलं आणि नवव्या दिवशी, म्हणजे पत्र लिहिलं त्या दिवशी, 2 किलो 780. बाळ अंगावर पितं, पण अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा रडायला लागतं. रात्री तर विचारायला नको. पंप लावून पाहिला, तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम 20 मिली निघालं. त्यामुळे दिवसातून दोनदा, 60-60 मिली वरचं दूध बाटलीने सुरू केलं आहे.

आई म्हणते, "मलाही दूध नव्हतं. तू पावडरवरच वाढलीस, तुझं काय बिघडलं?" तिला तेव्हा दर चार तासांनी, घड्याळ बघूनच पाजायला सांगितलं होतं आणि महिन्याभरात तिचं दूध आटलं. आजी डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देते आणि रोज विचारते, "आज उतरलं का?" संध्याकाळी बडोद्याहून सासूबाईंचा फोन येतो, तोही हेच विचारायला. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "लंगोट मात्र दिवसाला सात-आठ ओले होतात आणि शी पिवळी झाली आहे."

तिचे प्रश्न असे: आमच्या घराण्यातच दूध कमी आहे का? पहिल्या रात्रीच्या पावडरने सगळं बिघडलं का? पूर्ण वरचं दूध सुरू करून मोकळी होऊ का? आणि आईला न दुखावता हे सगळं कसं निभवायचं?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोन ओळींत कळवलं होतं की वरचं दूध एकदम बंद करू नकोस आणि दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बाळाचं वजन करून घे. आता सविस्तर लिहिते, कारण थोड्याफार फरकाने हेच पत्र मला वरचेवर येतं आणि ते लिहिणारी प्रत्येक जण स्वतःला एकटी समजत असते.

तू विचारतेस दूध आहे का, आणि उत्तर तुझ्याच पत्रात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन उतरतंच. सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट डॉक्टर अपेक्षित धरतात, आणि दहाच्या आसपास गेली की बारकाईने लक्ष घालतात. तुझ्या लेकीचे 220 ग्रॅम गेले, म्हणजे साधारण साडेसात टक्के. पुढच्या पाच दिवसांत ती 100 ग्रॅम वाढली. रोजचे 20 ग्रॅम झाले. या वयात रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली मानतात. म्हणजे ती खालच्या काठावर आहे, लक्ष ठेवायला हवं, पण ती वाढते आहे.

आता हा हिशेब बघ. आठवडा झालेल्या बाळाला दिवसाकाठी किलोमागे साधारण 150 मिली दूध लागतं. तुझ्या लेकीला म्हणजे 400 मिलीच्या आसपास. वरचं दूध ती किती पिते? 120 मिली. मग उरलेलं कुठून येतंय? पोटात काही गेल्याशिवाय सात-आठ लंगोट ओले होत नाहीत, काळी शी पिवळी होत नाही आणि वजन चढत नाही. तिच्या पोटातलं निम्म्याहून बरंच जास्त दूध तुझं आहे. ज्या बाईला "दूधच नाही" असं घरभर म्हटलं जातंय, ती नऊ दिवसांच्या बाळाला दिवसरात्र पोसते आहे. हे आधी स्वतःला मोठ्याने सांग, मग आजीला सांग.

तरीही ती रडते, हे खरं. पण रडणं म्हणजे भूकच, हे कोणी ठरवलं? नऊ दिवसांचं बाळ थंडी वाजली, लंगोट ओला झाला, दमलं, खूप जणांनी हाताळलं, नुसती आईची ऊब हवी झाली, तरी रडतं. भुकेच्या खुणा रडण्याच्या आधी येतात: जीभ बाहेर काढणं, मान वळवून शोधणं, मूठ तोंडात घालणं. तेव्हाच जवळ घेतलं तर ती शांतपणे पिते. ओरडून लाल झालेल्या बाळाला नीट तोंडात धरताच येत नाही, ती दोन घोट घेते, सोडते, पुन्हा रडते, आणि घरातले म्हणतात, बघा, येतच नाहीये.

अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मागणं हेही या वयात नवल नाही. 24 तासांत 8 ते 12 वेळा पिणं हा साधा क्रम आहे आणि त्या वेळा सारख्या अंतराने येत नाहीत. संध्याकाळी आणि रात्री बाळं ओळीने चार-पाचदा पितात, मग एक लांब झोप काढतात. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं दूध वाढवायला फार उपयोगाचं. बाटली घटाघट संपवली म्हणजे ती उपाशीच होती, असंही नाही. बाटलीतून दूध आपोआप ओघळतं आणि चोखणं ही नवजात बाळाची उपजत क्रिया आहे. पोट भरलेलं बाळही ते गिळत राहतं.

आणि तो पंप. कृपा करून त्यावरून स्वतःची परीक्षा घेऊ नकोस. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि ते बाळाच्या स्पर्शाने, वासाने, तिच्या आवाजाने वाहतं. वेदना, काळजी, "किती निघालं" म्हणून दारात उभं असलेलं माणूस, यांनी ते अडतं. त्यात बाळ नुकतंच पिऊन झालेलं असेल तर जे निघालं ते उरलेलं होतं. बाळ नीट धरून ओढतं तितकं यंत्राला, विशेषतः त्याची तोटी मापाची नसेल तर, ओढता येत नाही.

आता तुझ्या आईकडे येते, कारण मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तिच्याबद्दलची वाटली. तिला दर चार तासांनी, घड्याळ बघून पाजायला सांगितलं होतं. स्तनातून जितक्या वेळा दूध काढलं जातं तितकं ते नव्याने तयार होतं. साठून राहिलं की शरीर समजतं, गरज नाही, आणि निर्मिती कमी करतं. चार तासांच्या नियमाने दिवसाला सहा वेळा पाजणं होतं. बाळ रडलं की मधे पावडर, म्हणजे पुढच्या वेळी भूक कमी, ओढ कमी, दूध आणखी कमी. अशाने चांगलं भरपूर दूध असलेल्या बाईचंही महिन्याभरात आटू शकतं. तेव्हा घराण्यात दूध नाही, असं तिच्या अनुभवावरून म्हणताच येत नाही. तिला दूध होतं. ते टिकवायची रीत कोणी तिला सांगितली नाही, उलट तोडायची रीत सांगितली, आणि तिने ती मुलीच्या भल्यासाठी इमानाने पाळली.

हे तिला सांगताना जपून सांग. मला वाटतं, "तुझं काय बिघडलं" या वाक्यामागे तुझ्याशी वाद नाही, स्वतःची जुनी सल आहे. तू पाजू शकलीस तर आपण तेव्हा कमी पडलो, असं तिला आतून वाटत असेल. म्हणून आकडे आणि पुस्तकं घेऊन तिच्यासमोर बसू नकोस. एवढंच म्हण, "आई, तुला तेव्हा चुकीचं सांगितलं होतं गं. तुझी काही चूक नव्हती. मी चांगली वाढले ती तुझ्यामुळेच. आता मला तुझी मदत हवी आहे." आणि खरोखर मदत माग: रात्री बाळ उठलं की दुपटं बदलून तुझ्या हातात द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायची, तुला पाणी आणून द्यायचं. दूध मोजण्याचं काम काढून घेतलं आणि हे दिलं तर ती सुटेल, असा माझा अनुभव आहे. सासूबाईंचा फोन मात्र नवऱ्याने घ्यायचा. "आई, बाळाचं वजन वाढतंय, ती छान आहे" हे त्याने रोज सांगितलं की चौकशी आपोआप दुसरीकडे वळते.

पहिल्या रात्रीच्या पावडरने काही कायमचं बिघडलेलं नाही. पहिल्या तासात अंगावर घ्यावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि तो पहिला पिवळसर चीक मोलाचाच. पहिल्या 24 तासांत बाळाला एका वेळी 2 ते 10 मिली एवढाच लागतो, म्हणून "काही येत नाही" असं वाटतं तेव्हाही पुरेसा येत असतो. पण सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर होतो आणि हे आईला सांगायची तसदी फार थोडे घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली, पण तीन वर्षांखालच्या मुलांपैकी पहिल्या तासात अंगावर घेतलेली होती फक्त 41.8 टक्के. दवाखान्यात पोचलेल्या बायकांनाही ही मदत मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बाळाची साखर कमी होणं अशा कारणांनी कधी वरचं दूध खरंच द्यावं लागतं, तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना कारण विचार. आणि ज्यांचं बाळंतपण व्हायचं आहे त्यांनी आधीच सांगून ठेवा: मला विचारल्याशिवाय वरचं दूध देऊ नका, बाळ माझ्या खोलीत ठेवा, रात्री मला उठवा. पावडरच्या डब्यांची जाहिरात करायला आणि आईच्या हाती फुकट नमुना द्यायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तीही माहीत असू द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सगळ्यात आधी बाळ तोंडात कसं धरतं ते बघ. टाक्यांवर भार नको म्हणून तिला बगलेत घे: अंग तुझ्या हाताखाली उशीवर, पाय तुझ्या पाठीकडे, मान तुझ्या तळहाताच्या आधाराने. किंवा दोघी कुशीवर, समोरासमोर. बोंड तिच्या ओठांसमोर नको, नाकासमोर हवं. त्याचा स्पर्श वरच्या ओठाला झाला की ती मान किंचित मागे टाकून आ करते. आ मोठा झाला की तिला झटकन जवळ घे, तू तिच्यावर वाकू नकोस. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, बोंडाभोवतीचा गडद भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा, असं असेल तर जमलं. सुरुवातीला दोन क्षण ओढ लागणं चालतं, पण पूर्ण वेळ दुखत असेल, बोंड चेपून बाहेर येत असेल, तर करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडव आणि पुन्हा लाव. दुखणं सहन करण्यात काही मोठेपणा नाही. चिरा पडतात आणि दूधही नीट निघत नाही.

नीट पिताना आधी भराभर चोखणं ऐकू येतं, मग पान्हा फुटला की संथ, खोल घोट आणि मधे गिळल्याचा बारीक आवाज. तो थांबला की स्तन हाताने हलकेच दाबून धर, पुन्हा घोट सुरू होतील. ती पेंगली तर दुपटं सोड, तळव्यांना हात लाव. मग दुसरी बाजू दे. दिवसातून जमेल तितका वेळ तिला फक्त लंगोटावर तुझ्या उघड्या छातीवर झोपव, वर पातळ पांघरूण. तिचं नाक आणि तोंड मोकळं राहील याकडे लक्ष ठेव आणि तुझा डोळा लागायला लागला की तिला तिच्या जागी ठेव.

वरचं दूध उतरत्या क्रमाने कमी कर, तेही डॉक्टरांना सांगून. आधी दोन्ही बाजूंना पाज, मग वरचं दे. बाटली बाजूला ठेव आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे. आजीला बोंडलं वापरता येत असणार, हे काम तिचं. 60 चे 45 कर, दोन-तीन दिवसांनी त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय वजन बघ, वाढ 20 ग्रॅमच्या खाली गेली नसेल तर आणखी कमी कर. साधारण दोन आठवड्यांचं होईपर्यंत बाळाने जन्माचं वजन गाठावं, अशी अपेक्षा असते. पाजून झाल्यावर दोन-तीनदा हाताने दूध काढ आणि वरच्या दुधाऐवजी आधी तेच दे. एक गोष्ट अगदी बजावून सांगते: पावडर कमी करायची म्हणजे दूध पातळ करायचं नव्हे. डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात, ताजंच करायचं.

डिंक, अळीव, मेथी, शतावरी आवडत असेल तर जरूर खा, बाळंतिणीला ताकद हवीच. पण लाडू खाऊन दूध वाढेल आणि बाळ पाळण्यात राहील, असं होत नाही. उलट "टाके चिघळतील" म्हणून पाणी तोडणं आणि नुसत्या मऊ भातावर ठेवणं हे इंदूरच्या उन्हाळ्यात मला धोक्याचं वाटतं. तहान लागेल तितकं पाणी पी. भाज्या, डाळी, फळं खा, आणि सकाळी पोहे खावेसे वाटले तर तेही खा. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नको, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. मध, गुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर काही नको. मधातून वर्षाखालच्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून बोटभर चाटवणंही नको. मालिश आवडत असेल तर होऊ दे, पण मालिशवाल्या बाईंनी बाळाची छाती पिळू नये. ती थोडी सुजल्यासारखी दिसते ती तुझ्याच संप्रेरकांमुळे, आपोआप बसते. मालिश-अंघोळीनंतर बाळ गाढ झोपतं आणि एक पाजणं चुकतं, तेव्हा आधी थोडं पाजून घे.

तुमच्याकडचं बारसं आता होऊन गेलं असेल. ज्यांचं व्हायचं आहे त्यांना सांगते: त्या दिवशी बाळंतीण सकाळपासून भरजरी साडीत बसते, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं, तीन-चार पाजणी सहज चुकतात, आणि संध्याकाळी स्तन दगडासारखे होऊन बाळ रडत असतं. एक खोली फक्त दोघींसाठी ठेवा आणि दर दोन तासांनी तिथे जा, पाहुणे कितीही जवळचे असोत. स्तन ताठरलेच तर हाताने थोडं दूध काढून बोंडाभोवतीचा भाग मऊ करा, मग पाजा, नंतर थंड कपडा ठेवा.

काही खुणांवर मात्र घरात चर्चा करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. बाळ पिण्यासाठी उठवूनही उठत नाही, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ओले लंगोट सहाच्या खाली जातात, अंग तापतं (100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त) किंवा गार पडतं, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरते, उलटी हिरवी होते, श्वास भराभर चालतो. तुला थंडी वाजून ताप आला, स्तनाचा एक भाग लाल होऊन ठणकायला लागला, तर तुलाही डॉक्टर हवेत. तेव्हाही त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं.

राहिला तुझा तिसरा प्रश्न. पूर्ण वरचं सुरू करू का? तो निर्णय तुझा आहे आणि तू काहीही ठरवलंस तरी तू चांगली आईच आहेस. माझं मत विचारशील तर आत्ता नको. दहाव्या-बाराव्या दिवशी, टाके दुखत असताना, झोप नसताना असा निर्णय घेऊ नये. दोन आठवडे वर सांगितलं तसं करून बघ, आणि शक्य असेल तर स्तनपान समुपदेशकाकडून किंवा अनुभवी परिचारिकेकडून एकदा पाजताना बघून घे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या आईकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी यावं, असा सरकारी कार्यक्रम आहे. तुमच्या वॉर्डात चौकशी कर. एवढं करूनही दूध वाढलं नाही तर थायरॉइड, बाळंतपणातला खूप रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा, पूर्वीची स्तनाची शस्त्रक्रिया अशी खरी कारणं असू शकतात. त्यांची तपासणी करून घे. आणि काहींना शेवटपर्यंत थोडं वरचं द्यावंच लागतं. तसं झालं तर जितकं तुझं आहे तितकं देत राहा. दोन्ही चालू ठेवता येतं, एक निवडायचं नसतं.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रात तू कशी आहेस, हे कुठेच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, बाळ झोपलेलं असताना झोप येत नसेल, बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटलं, तर आईला उठव आणि सांग, डॉक्टरांना सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. पुढचं वजन झालं की मला आकडा कळव, आणि त्यासोबत त्या आठवड्यात सलग किती तास झोपलीस तेही लिही.